संगणकावरील सही : किल्ली आपल्याच हाती हवी

(रामवाडी येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, हा तर इंजिनिअर मंडळींचा विषय, तो बँकेतल्या कारकुनाने कशासाठी मांडावा? त्यातून आम्ही कला शाखेचे पदवीधर. परंतु सही पाहणे, ती नमुन्याशी जुळवणे आणि मगच पैसे देणे हा आमचा रोजचा धंदा आहे. कागदावरची सही आता संगणकावर गेली आहे. ती तिथे कशी चालते हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या समाजातील सरपंच, बचत गटाच्या भगिनी, लहान ठेकेदार आणि नोकरीला लागलेली मुले यांच्या नावावर ही नवी सही येऊ लागली आहे. सही आपल्या नावाची आणि ती करणारा हात दुसऱ्याचा, असे होऊ नये एवढ्यासाठीच हा विषय निवडला.

जुनी सही आणि तिची मर्यादा

बँकेत खाते उघडताना आपण नमुन्याची सही देतो. पुढे चेक आला की ती सही आणि चेकवरची सही शेजारी ठेवून पाहिली जाते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा साक्षीदारासमक्ष घेतात. ही पद्धत वर्षानुवर्षे चालली, पण तिच्यात एक उणीव आहे. नमुन्याची सही ज्याला पाहायला मिळाली त्याला ती गिरवताही येते. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपली ओळख पटवायची, तीच गोष्ट चोराला नक्कल करण्यासाठी उपयोगी पडते.

संगणक आल्यावर सहीच्या जागी पासवर्ड आला. त्यातही अडचण तीच, फक्त रूप वेगळे. पासवर्ड आपल्याला ठाऊक असतो आणि समोरच्या संगणकालाही त्याची खूणगाठ ठेवावी लागते. प्रत्येक वेळी आत शिरताना तो तारेवरून पाठवावा लागतो. वाटेत कोणी ऐकला, समोरच्याचे दप्तर कोणी फोडले किंवा बँकेसारखेच दिसणारे खोटे पान उघडून कोणी तो आपल्याकडून काढून घेतला, तर आपली ओळख चोरीला जाते. दोघांमधले गुपित दोन ठिकाणांहून फुटू शकते.

तेव्हा प्रश्न असा होता : आपले गुपित कोणालाही न सांगता, अगदी बँकेलाही न सांगता, ‘तो मीच’ हे सिद्ध करता येईल काय?

दोन किल्ल्यांची युक्ती

अमेरिकेत १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी याचे उत्तर मांडले. एका किल्लीऐवजी दोन किल्ल्यांची जोडी करावी. एक खासगी किल्ली, ती मालकाजवळच राहील. दुसरी सार्वजनिक किल्ली, ती वाटेल त्याला द्यावी, चावडीवर लावली तरी चालेल. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते. परंतु सार्वजनिक किल्ली हातात आहे म्हणून कोणाला सही करता येत नाही आणि तिच्यावरून खासगी किल्लीही काढता येत नाही.

आमच्या भाषेत सांगायचे तर सार्वजनिक किल्ली म्हणजे बँकेतला सहीचा नमुना. फरक एवढाच की हा नमुना साऱ्या गावाने पाहिला तरी कोणाला तो गिरवता येत नाही.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणारे गणित पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तयार केले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. ब्रिटनच्या सरकारी गुप्तलेखन खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांना १९७३ मध्येच ही रीत सापडली होती, पण ती गुप्त राहिली आणि १९९७ मध्ये जगासमोर आली.

एक छोटे गणित

विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही ते जमेल.

दोन मूळ संख्या घेऊ : ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. आता दोन्ही संख्यांतून एकेक वजा करून गुणाकार करू : २ गुणिले १० म्हणजे २०. आता अशा दोन संख्या हव्यात की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागले असता बाकी १ उरावी. ३ आणि ७ घेऊ, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१. झाली किल्ल्यांची जोडी. सार्वजनिक किल्ली ‘३ आणि ३३’, खासगी किल्ली ७.

समजा, आपल्याला ४ या आकड्यावर सही करायची आहे. ४ चा सातवा घात करा, म्हणजे ४ ला ४ ने असे गुणत जा की गुणाकारात ४ हा सात वेळा येईल. उत्तर येते १६३८४. त्याला ३३ ने भागा. बाकी उरते १६. ही १६ म्हणजे आपली सही. आपण समोरच्याला सांगतो, ‘आकडा ४, सही १६.’

समोरचा काय करतो? त्याला ७ माहीत नाही, फक्त ३ आणि ३३ माहीत आहेत. तो १६ चा घन करतो : ४०९६. त्याला ३३ ने भागतो. बाकी उरते ४. आकडा जुळला, सही खरी! वाटेत कोणी ४ चे ५ केले असते तर बाकी तरीही ४ च उरली असती आणि लबाडी तिथेच उघडी पडली असती.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तपासणाऱ्याला ७ हा आकडा एकदाही सांगावा लागला नाही. ओळख पटली आणि गुपितही घरातच राहिले.

कोणी हुशार मुलगा म्हणेल, ‘३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे तर लगेच कळते, मग ७ काढणे काय अवघड?’ बरोबर आहे. म्हणूनच खऱ्या किल्ल्यांत लहान संख्या घेत नाहीत. आज सर्रास वापरात असलेल्या आरएसए किल्लीतील गुणाकार ६१७ अंकी असतो. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण गुणाकार हाती देऊन ‘याचे मूळ अवयव सांग’ म्हटले तर त्याची मती खुंटते. पीठ दळणे सोपे, पिठाचे पुन्हा दाणे करणे अवघड, तसेच हे.

त्या तिघांनी १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचे कोडे एका मासिकातून जगापुढे ठेवले होते. ते १९९४ मध्ये सुटले. त्यासाठी निरनिराळ्या देशांतील सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून कित्येक महिने काम केले. म्हणून किल्ल्यांची लांबी पुढे वाढवत नेली गेली. मोठे क्वांटम संगणक तयार झाले तर आजचे हे गणित फुटू शकते. त्यासाठी नव्या पद्धतीही आता ठरू लागल्या आहेत. कुलूप कायमचे नसते, ते काळाप्रमाणे बदलावे लागते.

दारावरची ओळख आणि कागदावरची सही

या जोडीचे दोन मुख्य उपयोग आहेत. पहिला, दारावर ओळख पटवणे. आपण संगणकाला सांगतो, ‘मी अमुक.’ तो आपल्याकडे पूर्वी कधीही न वापरलेला एक भलामोठा आकडा पाठवतो आणि म्हणतो, ‘यावर सही कर.’ आपले यंत्र खासगी किल्लीने सही करून परत पाठवते. तो आपल्या नावाच्या सार्वजनिक किल्लीने ती तपासतो आणि दार उघडतो. वाटेत कोणी ती सही चोरली तरी तिचा उपयोग नाही, कारण पुढच्या वेळी आकडा नवा असतो. मोठमोठे संगणक दुरून चालवणारी मंडळी गेली कित्येक वर्षे अशीच आत शिरतात. २०२२ पासून मोबाइलमध्ये ‘पासकी’ नावाने जी सोय पसरू लागली, तिच्या पोटातही हीच युक्ती आहे. तिथे आपण मोबाइलला बोट लावतो तेव्हा बोटाचा ठसा कुठे जात नाही. बोट फक्त मोबाइलमधली खासगी किल्ली जागी करते.

दुसरा उपयोग, कागदपत्रावर सही करणे. शंभर पानांचा दस्तऐवज असला तर संगणक प्रथम त्या साऱ्या मजकुराचा एक छोटा ठसा काढतो. त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा पार बदलतो. त्या ठशावर खासगी किल्लीने सही होते. कागदावर शेवटच्या पानावर सही असते आणि मधले पान बदलता येते. इथे तसे करता येत नाही.

किल्ली कोणाची, हे कोण सांगणार?

आता एक अडचण उरते. सार्वजनिक किल्ली चावडीवर लावली, पण ती खरोखर आपलीच कशावरून? कोणीही आपली किल्ली लावून खाली आपले नाव लिहील. पूर्वी आपण गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेत असू, तसाच शिक्का इथेही लागतो.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि डिजिटल सहीला कायद्याने मान्यता मिळाली. मृत्युपत्रासारखे काही दस्त त्यातून वगळले आहेत, हेही लक्षात ठेवावे. या कायद्याखाली प्रमाणन प्राधिकाऱ्यांचा नियंत्रक नेमला गेला. तो काही संस्थांना परवाना देतो. त्या संस्था अर्जदाराची कागदपत्रे पाहून ‘ही किल्ली याच माणसाची’ असे प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्रावर संस्थेची डिजिटल सही असते आणि संस्थेच्या किल्लीवर नियंत्रकाची. अशी ती साखळी आहे.

साखळीतील कडी कच्ची निघाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले आणि ती रद्द करावी लागली. गणितात चूक नव्हती. शिक्का मारणाऱ्या ठिकाणी चूक होती. गणित कितीही पक्के असले तरी शेवटी माणसाच्या सावधपणावरच सारे अवलंबून राहते.

आपल्या व्यवहारात

बँकांमधले मोठ्या रकमांचे व्यवहार ज्या आरटीजीएस पद्धतीने होतात ती २६ मार्च २००४ रोजी सुरू झाली. बँका एकमेकींना जे आदेश पाठवतात त्यांवर अशाच डिजिटल सह्या असतात. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबादला स्थापन केलेल्या संस्थेने बँकांना त्यासाठी प्रमाणपत्रे देण्याचे काम केले.

शेतकऱ्याच्या जवळचे उदाहरण सातबाऱ्याचे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर तलाठ्याची पेनाची सही घ्यायला सज्जावर खेपा घालण्याचे कारण उरले नाही. मात्र एक गोष्ट समजून घ्यावी. सही असते ती संगणकातल्या फाइलीवर. छापील कागदावरची हिरवी खूण ही नुसती चित्र असते, तिची नक्कल कोणीही करील. म्हणून कोणी छापील सातबारा हातात ठेवून जमिनीचा व्यवहार करू म्हणाला, तर त्यावरचा पडताळणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून पाहावा आणि मगच पुढे बोलावे.

डोंगल कोणाच्या खिशात?

आता आजच्या विषयाच्या मुळाशी येतो.

ही खासगी किल्ली एका छोट्या यंत्रात असते. पेनड्राइव्हसारखे दिसणारे हे यंत्र संगणकाला लावायचे आणि त्याचा पिन घालायचा की सही होते. आपल्याकडे त्याला डोंगल म्हणतात. किल्ली त्या यंत्रातून बाहेर काढता येत नाही ही त्याची मोठी सुरक्षितता आहे. पण यंत्र आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हाती दिले, तर ती सुरक्षितता काय कामाची?

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतींकडे आला, त्या काळात सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्यांवाचून पैसे सुटू नयेत अशी व्यवस्था करण्यात आली. हेतू चांगला होता. एकाने तयार करावे, दुसऱ्याने तपासून मान्य करावे. आम्हा बँकेतल्या लोकांना ही रीत परिचयाची आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्या कधी एकाच्या खिशात जाऊ देत नाहीत. परंतु अनेक ठिकाणी सरपंचांचे डोंगल कपाटात दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात असते आणि पिनही त्यालाच ठाऊक असतो. सरपंच बाई किंवा भाऊ राखीव जागेवर निवडून आलेले असतात. त्यांना सांगतात, ‘तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही करतो सगळे.’

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनीही ऐकले होते. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. खोत कुळांकडून कबुलायती लिहून घेत. वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा उठवायचा आणि आत काय लिहिले ते खोताने सांगायचे. अंगठा खराच असे, त्यामुळे नंतर नाही म्हणायची सोय नसे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते ज्या कुळांसाठी, त्यांत अशी अंगठेबहाद्दर माणसे पुष्कळ होती. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा भगिनींना मिळाल्या. खुर्ची मिळाली, सहीचा अधिकारही मिळाला. तो अधिकार एका डोंगलमध्ये घालून दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचा असेल, तर अंगठा आणि डोंगल यांत फरक काय राहिला?

कायदा याबाबत कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची योग्य काळजी घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. ती हातची गेली तर विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचे असते आणि कळवेपर्यंतची जबाबदारी धारकावरच राहते. दुसऱ्याची डिजिटल सही लबाडीने वापरणाऱ्याला ६६ क या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चौकशी आली की पहिली नोटीस ज्याच्या नावाची सही, त्याच्याच घरी येते.

सही काय सांगते आणि काय सांगत नाही

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. डिजिटल सही एवढेच सांगते की, ही सही या किल्लीने झाली आणि त्यानंतर मजकूर बदललेला नाही. मजकूर खरा आहे की खोटा, हे ती सांगत नाही. आपल्या पेणमध्येच सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. चौकशीत बनावट कर्जखात्यांचा प्रकार पुढे आला आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. या परिसरात त्याची झळ बसलेली किती घरे आहेत हे आम्ही सांगायला नको. नोंदच खोटी असेल तर तिच्यावर कागदी सही असो वा संगणकाची, ठेवीदाराला तिचा आधार नाही. म्हणून सही करणाऱ्याने आधी वाचावे, समजले नाही तर विचारावे, पटले नाही तर सही करू नये. सही न करण्याचा अधिकार हाही सहीच्या अधिकाराचाच भाग आहे.

तेव्हा घरी जाताना एवढे सोबत न्यावे. सार्वजनिक किल्ली लपवण्याचे कारण नाही. डोंगल आणि पिन मात्र दोन्ही स्वतःजवळ, आणि शक्य तर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत. पिन कागदावर लिहून डोंगललाच चिकटवू नये. काम झाले की डोंगल काढून घ्यावे, ते ऑफिसच्या संगणकाला लावून ठेवू नये. हरवले तर त्याच दिवशी कळवून प्रमाणपत्र रद्द करावे. प्रमाणपत्राची मुदत असते, ती वहीत लिहून ठेवावी. आणि ‘तुमच्या वतीने आम्ही करतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याला शांतपणे सांगावे, ‘तुम्ही शेजारी बसा, दाखवा, पण बटण मी दाबणार.’

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यावर एक काम सोपवतो. आपल्या गावात, नात्यात जे कोणी सरपंच, सदस्य किंवा ठेकेदार असतील त्यांच्याकडे जा. त्यांचे डोंगल कुठे आहे ते विचारा. नसेल तर ते परत घेऊन पिन बदलायला मदत करा. नंतर त्यांच्याजवळ बसून पडद्यावरचा मजकूर त्यांना एकदा वाचून दाखवा आणि दुसऱ्यांदा त्यांच्याकडून वाचून घ्या. मागच्या पिढ्यांनी अंगठ्यावरून सहीपर्यंत येण्यासाठी शाळेची वाट धरली. सहीवरून किल्लीपर्यंतची वाट तुम्ही दाखवायची आहे.